क्रॅश-अहवालांची जुळणी : ‘तोच दोष’ कशावरून ठरवावयाचा?

ऑपरेटिंग सिस्टिम अकस्मात कोसळली म्हणजे त्या क्षणाची स्थिती संगणक आपण होऊन नोंदवितो आणि वापरणाऱ्याची अनुमती असल्यास तो अहवाल निर्मात्याकडे पाठवितो. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज एरर रिपोर्टिंग’ या व्यवस्थेने दहा वर्षांत असे अब्जावधी अहवाल गोळा केल्याचे तिच्या कर्त्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात नमूद केले आहे. ते एकेक करून वाचणे मनुष्यशक्तीबाहेरचे होय. म्हणून खरा प्रश्न संग्रहाचा नसून जुळणीचा आहे.

क्रॅश घडला तो मेमरीतील पत्ता प्रथमदर्शनी सोयीची खूण वाटतो. परंतु विंडोज व्हिस्टापासून मॉड्यूलांचे मेमरीतील स्थान यदृच्छेने बदलण्याची योजना आली. साहजिकच एकच दोष निरनिराळ्या यंत्रांत निरनिराळ्या पत्त्यांवर दिसू शकतो. यास्तव प्रोग्रॅम व मॉड्यूल यांची नावे, त्यांच्या आवृत्त्या आणि मॉड्यूलच्या आरंभापासून त्या जागेचे अंतर यांवरून अहवाल ‘बकेट’ नामक गटात घातला जातो.

ही रीत दोन प्रकारे फसते. नवी आवृत्ती निघाली की जुनाच दोष नव्या गटात जातो आणि एका दोषाचे अनेक गट होतात. उलटपक्षी, निरनिराळ्या ड्रायव्हरांनी मेमरी बिघडविली आणि पुढे मेमरी वाटून देणारे निर्दोष फंक्शन कोसळले, तर अनेकांचे दोष त्या एकाच्या माथी बसतात. म्हणून सर्व्हरवरील विश्लेषक स्टॅकमधील फंक्शनांची साखळी मागे तपासीत जातो व अशी सर्वसामान्य फंक्शने वगळतो. याकामी सुमारे ५०० नियम योजिल्याचे उपरोक्त निबंधावरून कळते.

सुमारे २० टक्के दोषांमुळे ८० टक्के चुका आणि १ टक्का दोषांमुळे निम्म्या चुका घडतात, असे मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००२ मध्ये सांगितले होते. कोणता दोष आधी दुरुस्त करावयाचा, हे अशा गणनेवरूनच ठरते. अनेक गटांत विखुरलेला दोष मात्र क्षुल्लक भासून मागे पडतो आणि त्याचा उपद्रव वापरणाऱ्यांना सोसावा लागतो.

अधिक माहिती मागविल्यास जुळणी सुधारेल, हे खरे. परंतु मेमरीच्या प्रतीत खाजगी मजकूरही असू शकतो. यामुळे प्रथम केवळ गटाची खूण पाठविली जाते आणि त्या गटाच्या तपासास आवश्यक असेल तरच अधिक तपशील मागविला जातो.

तात्पर्य, गटातील संख्या ही दोषाची मोजणी नव्हे. विशिष्ट नियमांनी एकत्र आलेल्या अहवालांची ती मोजणी होय. अभ्यासकाने आधी ते नियम तपासावेत आणि मगच त्या संख्येवरून अनुमान काढावे.