मुंब्र्यात राहायला येताय? आधी एवढे पाहून घ्या

मे महिना लागला की मुंब्रा-कौशाच्या रस्त्यावर सामानाचे टेम्पो दिसू लागतात. शाळा सुरू होण्याआधी घर लावायचे असते. कोणी रत्नागिरी-रायगडहून येतात, कोणी मराठवाड्यातून, तर कोणी भायखळा-कुर्ल्याची लहान खोली सोडून. १९९२-९३ च्या दंगलींनंतर अशीच असंख्य कुटुंबे इथे आली आणि वस्ती वाढत गेली. मुंबईत नाव ऐकताच "जागा गेली" असे सांगणारे घरमालक आजही भेटतात. इथे ती अडचण नाही. पण त्या आनंदात चार दिवसांत घर ठरवून टाकणारेही आम्ही पाहतो. म्हणून इथल्या बायका नव्या शेजारणीला जे सांगतात, ते इथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, खोलीतल्या टाइल्स नंतर पाहा, आधी इमारत पाहा. ४ एप्रिल २०१३ रोजी जवळच शीळ येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. तिथे कुटुंबे राहायलाही आली होती. आमच्याकडे सगळ्याच इमारतींना भोगवटा प्रमाणपत्र आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण ठाणे महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती पाहणे आपल्या हातात आहे. यादीत सी-१ लिहिले असेल तर ती इमारत अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची. दलाल भाडे एकदम कमी सांगू लागला, तर त्याचे कारण बहुतेक वेळा याच यादीत सापडते. तळमजल्यावर जाऊन खांब पाहा. सळया उघड्या पडल्या असतील, छताचे पोपडे सुटले असतील, तर सलाम करून बाहेर पडा.

दुसरी गोष्ट कागदाची. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतला की काम झाले, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. हे मालकाला हसतखेळत सांगून ठेवायला हरकत नाही! आता नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठा घेऊन एजंट घरी येतो. मुलाचा आरटीईतून शाळाप्रवेश करायचा असेल आणि पत्त्याचा दुसरा पुरावा नसेल, तर हाच नोंदणीकृत करार कामी येतो. नोटरीचा कागद तिथे चालत नाही.

इथे 'हेवी डिपॉझिट'ची पद्धत फार आहे. काही लाख एकरकमी द्यायचे, भाडे शून्य किंवा नावापुरते, आणि घर सोडताना सगळी रक्कम परत. ऐकायला गोड वाटते. पण कर्जाऊ दिलेल्या रकमेवर असा फायदा घेणे अनेक मुफ्ती साहेब सूदच मानतात, हे आधी विचारून घ्या. व्यवहाराच्या बाजूनेही धोका मोठा. घर बँकेकडे गहाण असेल आणि मालकाचे हप्ते थकले, तर बँक दारात येते आणि आपली रक्कम मालकाच्या मागे फिरून वसूल करावी लागते. मुलीच्या निकाहसाठी ठेवलेले पैसे असे अडकलेली घरे आमच्या ओळखीत आहेत. आमचे मत स्पष्ट आहे : महिन्याचे भाडे जड वाटले तरी चालेल, पण आयुष्याची पुंजी दुसऱ्याच्या भिंतीत ठेवू नये. द्यायचेच असेल तर रोख देऊ नका; बँकेतून द्या आणि रक्कम करारात लिहून घ्या.

आता गाडीविषयी. मुंब्र्याला बहुतेक स्लो गाड्याच थांबतात. ठाण्याला उतरून फास्ट पकडणारे पुष्कळ आहेत. घर पाहायला रविवारी दुपारी येऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी आठ वाजता या, फलाटावर उभे राहा, आणि मग ठरवा. कौशाच्या टोकाला घर घेतले तर स्टेशनपर्यंत शेअर रिक्षाचा वेळ आणि दोन वेळचे पैसे धरा. दाराला लटकण्याची सवय मात्र मुलांना अजिबात लागू देऊ नका. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्र्याच्या वळणावर दाराशी उभे असलेले प्रवासी खाली पडले, काही घरी परतलेच नाहीत. कामावर दहा मिनिटे उशिरा पोचले तरी चालेल, ही परवानगी घरातून मिळावी लागते.

पाण्याची वेळ दलालाला विचारू नका, समोरच्या दारातल्या भाभीला विचारा. किती वाजता येते, किती वेळ राहते, टँकरचे पैसे कोण भरते, सगळे ती सांगेल. विजेचे मागचे बिल मागून घ्या. रेशनकार्ड गावाचे असले तरी आधार जोडलेले असेल तर धान्य इथेही मिळू शकते.

आणि कोकणातल्यांसाठी एक : ईदला गावी जायला दादर-सीएसएमटी गाठायची गरज नाही. शेजारच्या दिव्याहून सावंतवाडीची गाडी सुटते. खेड, चिपळूण, रत्नागिरी तिच्याच वाटेवर आहेत. फक्त सुटण्याच्या बऱ्याच आधी फलाटावर पोचा, जागा धरणारे पहाटेच येऊन बसलेले असतात.