दमयंतीचे गाव आणि जावजींचे खिळे

तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी वसलेले कौंडण्यपूर वऱ्हाडाला ठाऊक आहे ते रुक्मिणीचे माहेर म्हणून. कार्तिकात इथे यात्रा भरते, आषाढीसाठी रुक्मिणीची पालखी इथून पंढरपूरला निघते. 1962 ते 64 या काळात मोरेश्वर दीक्षितांनी केलेल्या उत्खननात सातवाहनांच्याही आधीची वस्ती उजेडात आली.

विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असे परंपरा मानते. म्हणजे नळाची दमयंतीही इथलीच. तिच्या स्वयंवराचे श्रीहर्षकृत काव्य ‘नैषधीयचरित’ नारायणाच्या टीकेसह अभ्यासकांच्या हाती पडले ते मुंबईच्या कोलभाट गल्लीतल्या निर्णयसागर छापखान्यामुळे.

छापखान्याचे मालक जावजी दादाजी चौधरी. 1839 साली गरीब घरात जन्मलेले जावजी पोरवयातच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, घासायला लागले. तिथे टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली ते ओतकाम शिकले. 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा ओतकारखाना काढला, 1869 मध्ये छापखाना. पोलादी ठशांवर अक्षरे कोरणारे कसबी हात होते राणोजी रावजी आरू यांचे. ठसा तांब्यावर मारून साचा करायचा आणि त्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा, की खिळा तयार.

संस्कृतचा खरा पेच जोडाक्षरांचा. वर मोठ्या टायपात मूळ श्लोक, खाली बारीक टायपात टीका; एका पानाला किती तरी तऱ्हेचे खिळे लागत. ओतकाम घरचेच असल्याने हवा तो खिळा पाडता येई, झिजलेला वितळवून पुन्हा ओतता येई. निर्णयसागरच्या नितळ छपाईचे मर्म इथे आहे. 1886 पासूनची ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथमाला याच बळावर चालली.

जावजी 1892 मध्ये वारले. पुढे ग्रंथांवर तुकाराम जावजी, मग पांडुरंग जावजी ही नावे आली. लंडनच्या कॅस्लन घराण्यानेही अठराव्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या खिळे ओतले. 1937 मध्ये तो व्यवसाय शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेककडे गेला. तिकडे त्या घराण्यावर ग्रंथ झाले. आपल्याकडे जावजींचे नाव मुद्रणाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कुणी घेत नाही.

कौंडण्यपूरला येणाऱ्यांनी अंबिकेचे, विठ्ठल-रुक्मिणीचे दर्शन जरूर घ्यावे. आणि घरच्या माळ्यावर निर्णयसागरची जुनी पोथी असेल तर ती रद्दीत न घालता जवळच्या वाचनालयाला द्यावी.