पोलंडला निधी, हरसूलला काय?

१ मे २००४ रोजी पोलंड, हंगेरी, झेक प्रजासत्ताक आदी दहा देश युरोपीय संघात दाखल झाले. सदस्य देश १५ चे २५ झाले. या घटनेशी नाशिक जिल्ह्यातील हरसूलच्या आदिवासींचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो पोटाचा आहे.

नाशिकची द्राक्षे नेदरलँडच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. तेथे एकदा जकात भरली की माल संघातील कोणत्याही देशात पुन्हा जकात न भरता जातो. म्हणजे देश वाढले की बाजार वाढतो. ही द्राक्षे पिकवतो कोण? दिंडोरी, निफाडच्या बागांत छाटणी, विरळणी, काढणी करायला हरसूल, पेठ, सुरगाण्याचा आदिवासी जातो. घरी नागली, वरई, भाताचे एकच पावसाळी पीक, पुढे स्थलांतर. आईबापांबरोबर गेलेल्या मुलांची शाळा सुटते.

२०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली. बागायतदारांच्या नुकसानीची चर्चा झाली. मजुराचे काय, हे कोणी विचारले? मण्यातील औषधाचा अंश मोजायला प्रयोगशाळा आहे. तो घड औषधात बुडवणाऱ्या हाताला काय मिळते, हे मोजणारे कोणी नाही.

आता पोलंडकडे पाहा. संघाने त्याला नुसता बाजार खुला केला नाही. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी, त्याला विकासासाठी जादा निधी, असा तेथे नियम आहे. २००७ ते २०१३ या काळात पोलंडला सर्वाधिक, सुमारे ६७ अब्ज युरो मिळाले. त्यातून रस्ते, रेल्वे, सांडपाणी प्रकल्प झाले. ही दया नव्हती, हक्क होता. बाजार आपण होऊन मागासांपर्यंत पोहोचत नाही, हे भांडवलशाही युरोपलाही कळले.

आणि आपल्याकडे? आदिवासी उपयोजना पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आदिवासी ९.३५ टक्के आहेत. त्या प्रमाणात निधी हे तत्त्वही मान्य आहे. पण २०२५ मध्ये आदिवासी विकास आणि सामाजिक न्याय विभागांचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्यालाच निधी राखता येत नसेल, तर हरसूलच्या मजुराने कोणाकडे पाहावे?

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्येच उपयोजनेच्या निधीला कायद्याचे संरक्षण दिले. महाराष्ट्रातही निधी वळवण्यास बंदी घालणारा कडक कायदा हवा, ही मागणी आंबेडकरी आणि आदिवासी चळवळीने एकत्र लावून धरली पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती लवकर दूर केली नाही, तर लोकशाहीच धोक्यात येईल. हरसूलच्या मजुराला मत आहे. त्याने पिकवलेल्या द्राक्षाला युरोपची बाजारपेठ आहे. त्याच्या वाट्याचा निधी मात्र अजून त्याच्या गावापर्यंत पोहोचायचा आहे.