पाच मैलांच्या आत

तिरुवनंतपुरमच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की केरळच्या एस.टी.चा स्टँड लागतो आणि त्याला खेटून विटकरी रंगाचा एक गोल बुरूज. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला ती पाण्याची टाकी वाटली. ते इंडियन कॉफी हाऊस होतं. आत शिरलो आणि पायाला कळलं की इथे जमीन सपाट नाहीच. बाहेरच्या भिंतीला धरून गोल गोल चढत जाणारी एकच वाट, वाटेच्या कडेने बांधून काढलेली टेबलं आणि बाकं. टेबल मात्र अगदी पाणसळीत. बीट घातलेलं लालभडक कटलेट खाल्लं, पैसे काढताना हातातून नाणं सुटलं आणि उतारावरून घरंगळत निघालं. खालून ट्रे घेऊन येणाऱ्या फेटेवाल्या वेटरने न बघता ते पायाखाली अडवलं. रोजचीच सवय असावी.

तेव्हापासून तीन वेळा त्या शहरात गेलोय. बायको म्हणते, लोक पद्मनाभस्वामीच्या दर्शनाला जातात, तुम्ही विटा बघायला जाता. खरं आहे ते. त्या बुरुजाचे वास्तुकार लॉरी बेकर.

चरित्र चटकन उरकतो, कारण मला भिंतींकडे जायची घाई आहे. जन्म 1917, बर्मिंगहॅम. क्वेकर पंथाचे, म्हणून दुसऱ्या महायुद्धात बंदूक न धरता रुग्णसेवेच्या तुकडीबरोबर चीनमध्ये गेले. परतताना बोटीची वाट बघत मुंबईत अडकले आणि गांधीजींची भेट झाली. बेकरांच्या पायातले चिंध्यांचे जोडे गांधीजींच्या नजरेत भरले, असं बेकर सांगत. 1945 मध्ये कुष्ठरुग्णांच्या कामासाठी भारतात परत आले, डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न केलं, हिमालयात पिथोरागडला सोळा वर्षं काढली आणि मग केरळात आले ते कायमचे. 1990 मध्ये पद्मश्री मिळाली, 2007 मध्ये गेले. गांधीजींची एक गोष्ट त्यांनी जन्मभर गाठीशी बांधली होती: घराला लागणारं सगळं सामान त्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळालेलं असावं. पाच मैल म्हणजे आठ किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती त्यावरच झाली आहे.

आता भिंत. आपल्याकडे नऊ इंची भिंत बांधतात तेव्हा वीट आडवी, पोटावर निजवतात. बेकर ती धारेवर उभी करत. दर्शनी बाजूला एक वीट धारेवर, मागच्या बाजूला तशीच दुसरी आणि मध्ये पोकळी. म्हणजे तीन इंच वीट, तीन इंच हवा, तीन इंच वीट. जाडी तीच, नऊ इंच. दर जोडीनंतर एक वीट आडव्या बाजूने, तीही धारेवर, दोन्ही बाजूंना सांधत जाते. वरून पाहिलं तर रद्द्यात, म्हणजे विटांच्या थरात, चौकोनी खोक्यांची रांग दिसते, उंदराच्या पिंजऱ्यांसारखी. म्हणून इंग्रजीत या बांधणीला 'रॅट ट्रॅप' म्हणतात. विटांमध्ये साधारण पाव भागाची बचत होते. रद्दा उंच असल्यामुळे सांधे कमी, म्हणून मालही कमी लागतो. आतली कोंडलेली हवा बाहेरचं ऊन आत येऊ देत नाही. विजेच्या नळ्या त्याच पोकळीतून जातात. पायाजवळचा आणि माथ्याचा रद्दा तेवढा भरीव घ्यायचा. ही बांधणी त्यांनी शोधली नव्हती, विलायतेत पाहिलेलीच इथे आणली. पण इथल्या गवंड्याशेजारी उभं राहून त्याच्या हातात बसवली, हे काम त्यांचं.

गिलाव्याचं त्यांना वावडं होतं. इतक्या निगुतीने रचलेली वीट सिमेंटने लिंपायची, त्यावर रंग द्यायचा, तो दर चार वर्षांनी पुन्हा द्यायचा, हे त्यांना पटत नसे. मलाही पटत नाही, पण आमच्याकडे बिनगिलाव्याच्या घराला लोक अजून 'काम अर्धं राहिलं का?' असं विचारतात.

आणि जाळी! उल्लूरला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही अर्थशास्त्राची संस्था आहे. तिथे गेलो त्या दिवशी अंग चिकचिकत होतं. एका व्हरांड्यात शिरलो तर वारा. पंखा नव्हता, भिंतीतच विटा सोडून सोडून रचल्या होत्या. खिडकीचा एक चौरस फूट हा तेवढ्याच साध्या भिंतीच्या दहापटीपर्यंत महाग पडतो, असा बेकरांचा हिशेब होता. चौकट, तावदानं, गज, बिजागऱ्या, सुताराची मजुरी सगळं त्यात आलं. मग विटाच गाळाव्यात: उजेड येतो पण डोळ्यांवर येत नाही, वारा येतो पण चोर येत नाही. जमिनीवर पडलेले उजेडाचे ठिपके मी बराच वेळ बघत बसलो होतो. शेवटी पहारेकऱ्याने येऊन विचारलं, कुणाला भेटायचंय.

त्याच आवारात झाड आडवं आलं की भिंत वळते. भिंतीसाठी झाड तोडलेलं नाही. या वळण्यात आणखी एक गंमत आहे. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. पोस्टकार्ड धारेवर उभं करा, पडतं. जरा वाकवून उभं करा, राहतं. तसंच साडेचार इंची भिंत नागमोडी नेली तर तिला जाडीची गरज उरत नाही. झाडही वाचलं, वीटही वाचली.

घर बांधताना त्यात किती जळण ओतलं जातं, हे बेकर मोजत बसत. वीट भाजायला लाकूड, सिमेंट आणि लोखंडाला त्याहून मोठ्या भट्ट्या. 'कार्बन' हा शब्द तेव्हा घरबांधणीत कुणाच्या तोंडी नव्हता. आता काचेचा मनोरा उभारून आत वातानुकूलनाचे कारखाने चालवतात आणि दारावर 'हरित इमारत' अशी पाटी लावतात. असो.

बेकरांच्या पुस्तिका त्यांच्याच हस्ताक्षरात आणि त्यांच्याच व्यंगचित्रांसह आहेत. वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर नकाशे काढायची त्यांची सवय होती. त्या पुस्तिका वाचून मला चेव आला आणि गुहागर तालुक्यातल्या आमच्या आवारात पुस्तकांसाठी खोली बांधायला घेतली. कऱ्हाडच्या भट्टीवरून ट्रकभर विटा मागवल्या, कुंभार्ली घाट उतरवून. तीन इंची म्हणून आलेली वीट कुठे पावणेतीन तर कुठे सव्वातीन. पोटावर निजवली असती तर माल कमी-जास्त करून खपलं असतं. धारेवर उभी केली की सगळी वाकडी तोंडं दर्शनी. गवंड्याने ओळंबा सोडला, मान हलवली आणि दोन रद्दे उतरवले.

"मास्तर, आत उंदीर नाही राहायचे?"

"खालचा-वरचा रद्दा भरीव घेतो आपण. शिरतील कुठून?"

त्याने थापी पाटीत टाकली. "बरं. पण एक विचारू? वळणावर चिऱ्याची खाण आहे. तुम्ही घाटावरून विटा कशाला आणल्यात?"

मी पाच मैलांवर व्याख्यान द्यायच्या बेतात होतो. तोंड उघडलं आणि मिटलं. कऱ्हाड सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे.

पुढे एक गोष्ट वाचनात आली, ती इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा चिरा ज्याचा असतो त्या जांभ्या दगडाला इंग्रजीत 'लॅटेराइट' म्हणतात. हे नाव फ्रान्सिस ब्यूकॅनन नावाच्या इंग्रजी अंमलातल्या अधिकाऱ्याने 1807 च्या पुस्तकात दिलं, तेही मलबारातल्या अंगाडीपुरमचा दगड बघून. जमिनीत असताना तो कोयत्या-कुदळीला कापला जातो आणि वारा लागला की टणक होतो. लोक त्याच्या विटा पाडत होते, म्हणून 'लॅटर' या लॅटिन शब्दावरून नाव ठेवलं. 'लॅटर' म्हणजे वीट. न भाजता तयार झालेली वीट आमच्या पायाखाली असताना मी लाकूड जाळून भाजलेली वीट डिझेल जाळून आणली होती. बेकर स्वतःही केरळात जिथे जांभा मिळे तिथे जांभा वापरत.

एक भिंत विटांची झाली होती, बाकीच्या तिन्ही चिऱ्याच्या केल्या. विटांची भिंत पहिल्याच पावसाळ्यात ओल धरू लागली. बेकर छप्पर भिंतीच्या बरंच पुढे काढत, ते मी चित्रात पाहूनही विसरलो होतो. मग तिथे पत्र्याची झड काढली.

छप्पर मात्र साधलं. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट लोखंड धरून ठेवण्यापलीकडे फारसं काही करत नाही. मग सळ्यांच्या मधल्या जागेत मंगलोरी कौलं घालायची. बेकर तसंच करत. काँक्रीट वाचतं, स्लॅब हलकी होते, खाली गारवा राहतो. मंगळुरात बासेल मिशनच्या पाद्र्यांनी 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या पाडलेल्या गोठ्याची होती ती गवंड्यानेच निवडली, एकेक बोटाने वाजवून. खणकन वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर बाजूला. आता आरामखुर्चीत मान टाकली की वर कौलांच्या पाठी ओळीने दिसतात, दोन-तीन कौलांवर गोठ्यातल्या धुराचा काळा डाग तसाच आहे.

कऱ्हाडच्या उरलेल्या सव्वाशेएक विटा पडवीला लागून रचून ठेवल्यात. शेजारची काकू चुलीसाठी नेते म्हणाली होती. त्यालाही दोन गणपती झाले.