दुसऱ्या महायुद्धातील नौसेनानींचा श्रेष्ठताक्रम

दुसऱ्या महायुद्धातील (१९३९–१९४५) नौसेनानींचा श्रेष्ठताक्रम हा आरमारी इतिहासातील एक वादग्रस्त विषय आहे. अमेरिकेचे चेस्टर निमित्झ, रेमंड स्प्रुअन्स व विल्यम हॉल्सी, ब्रिटनचे अँड्र्यू कनिंगहॅम, जपानचे इसोरोकू यामामोतो आणि जर्मनीचे कार्ल ड्योनिट्झ ही नावे या क्रमवारीत बहुधा आढळतात. बुडवलेल्या जहाजांची संख्या हा एकच निकष मानल्यास क्रम लावणे सोपे जाते. सेनानीवर सोपवलेली मूळ कामगिरी कोणती होती, हे विचारात घेताच तो क्रम बदलतो. स्प्रुअन्स व हॉल्सी यांची तुलना या वादाच्या केंद्रस्थानी आहे.

मिडवेची लढाई

स्प्रुअन्स (१८८६–१९६९) हे वैमानिक नव्हते. हॉल्सी यांच्या विमानवाहू ताफ्यासोबत असणाऱ्या क्रूझर जहाजांचे ते प्रमुख होते. मे १९४२ च्या अखेरीस हॉल्सी त्वचारोगामुळे पर्ल हार्बर येथील रुग्णालयात दाखल झाले व त्यांनी आपल्या जागी स्प्रुअन्स यांचे नाव सुचवले. ४ जून रोजी मिडवे बेटाजवळ अमेरिकी विमानांनी अकागी, कागा, सोर्यू व हिर्यू या चार जपानी विमानवाहू जहाजांना निकामी केले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चारही बुडाली होती. या विजयाचे श्रेय एकट्या स्प्रुअन्स यांना देणे योग्य नाही. तेथील ज्येष्ठ अधिकारी फ्रँक जॅक फ्लेचर हे होते, आणि शत्रूचा बेत सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या पथकामुळे आधीच कळला होता.

त्या रात्री स्प्रुअन्स यांनी पाठलाग न करता ताफा पूर्वेकडे वळवला. तेव्हा हा अतिसावधपणा वाटला. यामामोतो यांनी त्या रात्री लढाई देण्याचे आदेश दिले होते, हे नंतर उघड झाले. रात्रीच्या युद्धात जपानी आरमार विशेष तरबेज होते.

फिलिपीन समुद्र आणि लेते

१९४४ मध्ये प्रशांत महासागरातील मुख्य अमेरिकी ताफा आळीपाळीने या दोघांच्या हाती असे. स्प्रुअन्स यांच्याकडे असताना त्याला पाचवा, तर हॉल्सी यांच्याकडे असताना तिसरा ताफा म्हणत. जहाजे बहुतांशी तीच असल्यामुळे ही तुलना इतरांपेक्षा अधिक न्याय्य ठरते.

जून १९४४ मध्ये सायपान बेटावर सैन्य उतरत असताना जपानी ताफा चालून आला. मार्क मिट्शर यांनी रात्रीत पश्चिमेकडे जाऊन त्याला गाठण्याची परवानगी मागितली; स्प्रुअन्स यांनी ती नाकारली. शत्रूची एखादी तुकडी बगल देऊन सायपानवर येईल, अशी त्यांना शंका होती. १९ व २० जूनच्या लढाईत जपानने शेकडो विमाने व तीन विमानवाहू जहाजे गमावली, परंतु उर्वरित ताफा निसटला. वैमानिकांनी कठोर टीका केली. नौदलप्रमुख अर्नेस्ट किंग यांनी मात्र निर्णयाचे समर्थन केले.

ऑक्टोबरमध्ये लेतेच्या आखातात हॉल्सी यांच्यापुढे तोच पेच उभा राहिला. ओझावा यांची विमानवाहू जहाजे केवळ आमिष होती. त्यांवर विमाने फारशी उरली नव्हती. हॉल्सी त्यांच्यामागे उत्तरेकडे गेले आणि सान बर्नार्दिनो सामुद्रधुनी उघडी राहिली. तेथून कुरिता यांचा ताफा यामातोसह बाहेर पडला. २५ ऑक्टोबर रोजी समार बेटाजवळ सहा छोटी विमानवाहू जहाजे व सात लहान रक्षक जहाजे चार जपानी युद्धनौकांना सामोरी गेली. कुरिता अखेर माघारी फिरले, परंतु एक हजाराहून अधिक अमेरिकी नौसैनिक प्राणास मुकले. संधी मिळाल्यास शत्रूच्या ताफ्याचा विनाश हेच प्रमुख काम मानावे, अशी निमित्झ यांची लेखी सूचना होती, हा हॉल्सी यांच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा होय. तरीही सामुद्रधुनीवर पहारा न ठेवण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

इतर सेनानी

कनिंगहॅम यांची ख्याती तारांतो (१९४०) व मातापान (१९४१) येथील विजयांवर आधारलेली आहे. क्रीटमधील माघार मात्र अधिक बोलकी आहे. हवाई संरक्षण जवळपास नसताना त्यांनी सुमारे १६,५०० सैनिक परत आणले. क्रीटच्या संपूर्ण मोहिमेत तीन क्रूझर व सहा विनाशिका बुडाल्या. यामामोतो यांनी पर्ल हार्बरचा हल्ला आखला, पण मिडवेच्या बेतात आपले सामर्थ्य विखुरले. ड्योनिट्झ यांच्या पाणबुड्यांनी ब्रिटनला जेरीस आणले. मे १९४३ मध्ये ४१ पाणबुड्या गमावल्यावर त्यांना उत्तर अटलांटिकमधून माघार घ्यावी लागली.

पाचवा तारा

अमेरिकेत फ्लीट ॲडमिरल हे पंचतारांकित पद चारच जणांना देण्याची तरतूद होती. डिसेंबर १९४४ मध्ये लेही, किंग व निमित्झ यांना ते मिळाले. चौथ्या जागेसाठी डिसेंबर १९४५ मध्ये हॉल्सी यांची निवड झाली. प्रसिद्धीपासून दूर राहणारे स्प्रुअन्स चार ताऱ्यांवरच निवृत्त झाले. हॉल्सी यांच्यासोबत हे पद मिळाले असते तर आनंद झाला असता, त्यांच्याऐवजी मिळाले असते तर दुःखच वाटले असते, असे स्प्रुअन्स यांनी पुढे लिहिले. काँग्रेसने त्यांना ॲडमिरलचे पूर्ण वेतन आजीवन मंजूर केले.