रुपयाचा शंभरावा भाग

दहा वर्षांचा असताना मी आजीच्या डब्यातली जुनी नाणी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चिंच, मीठ आणि राख लावून घासून काढली. तांब्याचा रंग उजळला, आजीनेही कौतुक केले. पुढे कितीतरी वर्षांनी नाण्यांचा नाद लागला, तेव्हा त्यांतला १९५७ सालचा एक नवा पैसा भिंगाखाली धरला. सगळीकडे बारीक ओरखडे, अक्षरांच्या कडा बोथट. ते नाणे माझ्या संग्रहात आजही आहे. येणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी आधी तेच दाखवतो.

संग्राहक म्हटला की लोकांना शिवराई, होन, सातवाहनांची नाणी आठवतात. माझा संग्रह वाण्याकडून सुट्टे म्हणून आलेल्या, लाखो हातांतून फिरलेल्या नाण्यांचा. अशा नाण्यातही इतिहास असतो, हे तो नवा पैसाच सांगतो. त्यावर मूल्याबरोबर 'रुपये का सौवां भाग' असे लिहिलेले आहे. नाण्यावर अपूर्णांक कशासाठी? कारण तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि १९२ पै होत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर भाग झाले. जुना पैसाही बाजारात होताच, म्हणून नाव पडले 'नवा पैसा'. 'नवा' हा शब्द १९६४ मध्ये गळला.

चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास नवे पैसे बरोबर बसत. एका आण्याचे मात्र सव्वासहा होत. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२ आणि तीन आण्यांना १९ नवे पैसे धरले. म्हणजे एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा, एकदम घेतल्या तर एकोणीस! 'चार आणे', 'आठ आणे' हे शब्द पुढे पन्नास वर्षे बोलण्यात टिकले, त्यामागे हा सोपा हिशेबही असावा.

सुट्टीत आमच्या सोसायटीतली मुले येतात. मी त्यांना घरातले मूठभर सुट्टे आणायला सांगतो. सालाखाली पाहा : चौकटच्या पत्त्यासारखी खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीतले, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे, काहीच नसेल तर कोलकात्याचे. मग साल आणि टांकसाळ यांचा तक्ता वहीत मांडायचा. भाजीवाल्याच्या गल्ल्यात चार शहरे सापडतात तेव्हा मुलांचे डोळे मोठे होतात. खर्च काहीच नाही. नको असलेले नाणे पुन्हा बाजारात जाते.

"काका, याचे किती मिळतील?" हा प्रश्न ठरलेला. मी सरळ सांगतो, बहुतेकांचे दर्शनी मूल्याइतकेच. जुन्या नाण्याचे लाखो रुपये देण्याची आमिषे फोनवर येतात आणि आधी 'शुल्क' मागितले जाते. अशा फसवणुकीपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली आहेत. गोधड्यांच्या घडीत, देवघरात, शिवणाच्या डब्यात ती अजून असतील. ती तिथून निघून भंगारात जाण्याआधी कुणीतरी त्यांचे साल वाचायला हवे.

नाणे कडेने धरावे, साध्या कागदाच्या पाकिटात ठेवावे, मऊ प्लास्टिकमध्ये ठेवू नये. आणि यंदा पूजेला जुनी नाणी मांडाल तेव्हा त्यांना चिंच लावू नका. तो काळपटपणा त्यांनी वर्षानुवर्षे कमावलेला आहे. तसाच राहू द्या. कुंकू मात्र शेजारी कागदावर वाहा.