दारूकोठारात दारू नव्हती?

गडावर दारूकोठाराची पाटी दिसली की घोळक्यात हमखास हशा पिकतो. मावळ्यांची चांगली सोय होती, असं कुणीतरी म्हणतं. मला ते ऐकवत नाही. त्या जाड भिंतींआड तोफांची दारू असे; सोरा, गंधक आणि कोळशाची पूड. फारसीत दारू म्हणजे औषध, आणि आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून टिकून आहे. चिनी भाषेतही या मिश्रणाचं नाव ‘अग्नि-औषध’ असंच आहे.

बाणाच्या बाबतीत फसगत आणखी मोठी. पानिपतावर नजीबखानाच्या रोहिल्यांनी बाण सोडले, असं वाचलं की डोळ्यांपुढे धनुष्य येतं. पण अठराव्या शतकातल्या लढायांत बाण म्हणजे बहुधा रॉकेट: दारू ठासलेली नळी आणि तिला बांधलेली बांबूची काठी. धनुष्यातून सुटतो तो तीर. टिपूच्या लोखंडी नळीच्या बाणांनी तर इंग्रजांना जेरीस आणलं होतं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते बाण इंग्लंडला गेले आणि त्यांच्यावरून विल्यम काँग्रीव्हने आपली रॉकेटं घडवली. दिवाळीत पोरं बाटलीत उभा करतात तो बाण याच कुळातला.

सिनेमात तोफगोळा पडला की आगीचा लोळ उठतो. खरे गोळे बहुतेक भरीव, दगडी नाहीतर लोखंडी. ते फुटत नसत, तडाख्याने तटाचे चिरे फोडत. फुटणारा तो कुलपी गोळा. पोकळ, आत दारू भरलेला. आखूड, रुंद तोंडाच्या उखळी तोफेतून तो उंच उडवून तटापलीकडे टाकत.

सुरुंग तर मुळात स्फोटक नव्हेच, भुयार. महाभारतात पांडव लाक्षागृहातून सुरुंगेनेच निसटले. १६६० मध्ये शाएस्ताखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा सुमारे दोन महिने दाद देईना, तेव्हा मोगलांनी बुरुजाखालपर्यंत भुयार खणलं, त्यात दारू भरली आणि बत्ती दिली. बुरुज वरच्या माणसांसकट उडाला. तरीही फिरंगोजींच्या लोकांनी ते खिंडार रात्रभर लढवलं. किल्ला दुसऱ्या दिवशी पडला. अशा वेढ्यांतून भुयाराचं नाव त्यातल्या स्फोटाला चिकटलं. आजही विहिरीच्या खडकात भोक पाडून, दारू ठासून तो उडवायचा असला की शेतकरी सुरुंग लावतो.